व्हेंटिलेटरवाल्या मॅडम

नीटचा निकाल लागला की नागपूरच्या प्रतापनगरात माझा भाव वधारतो. एरवी रात्रपाळी आटोपून सकाळी गाडी लावताना ‘आत्ता आलीस का गं?’ एवढंच विचारणाऱ्या काकू चहाला बोलावतात. आमच्या या भागात, माटे चौकापासून थेट खामल्यापर्यंत, क्लासेसच्या पाट्या किराणा दुकानांपेक्षा जास्त असाव्यात. घरटी एक मूल फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी घेऊन बसलेलं असतं. त्यातल्या मोजक्यांचा नंबर लागतो. उरलेल्यांच्या आईवडिलांना मग कोणीतरी सांगतं, ‘त्या व्हेंटिलेटरवाल्या मॅडमना विचारून पाहा ना. त्यांच्या लाइनीत काही स्कोप आहे म्हणतात.’

येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कोर्स किती वर्षांचा? पगार किती? दुबईला जाता येतं का? मुलगी असेल तर चौथा प्रश्न, नाइट ड्युटी असते का? मी उत्तरं देते, चहा पिते, परत येते. पण रेस्पिरेटरी थेरपिस्ट दिवसभर नेमकं करतो काय, हे आजवर एखाद-दुसऱ्यानंच विचारलं असेल. ज्याला हे विचारावंसंही वाटत नाही त्यानं या लाइनीत येऊच नये, असं माझं मत होत चाललं आहे. म्हणून आधी कामाचं सांगते. कोर्स आणि पगार मागाहून.

आमच्या ॲप्रनच्या खिशात शिंप्याची मोजपट्टी असते. नवीन मुलं ती पाहून हसतात. पेशंटला ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं की माझं पहिलं काम त्याची उंची मोजणं. तो आडवा पडलेला असतो, नळ्यांनी वेढलेला असतो, बाहेर नातेवाईक रडत असतात आणि मी टाचेपासून टाळूपर्यंत पट्टी लावत असते. एका मुलाच्या बापानं दारातून हे पाहिलं आणि हात जोडून विचारलं, ‘मॅडम, इतकं झालं का हो?’ त्याला वाटलं, आम्ही पुढच्या तयारीला लागलो. तेव्हापासून मी आधी पडदा ओढून घेते.

उंची कशासाठी, तर मशीननं दर श्वासाला किती हवा द्यायची ते उंचीवरून ठरतं. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. समजा, पाच फुटांची आणि ८५ किलोंची एक बाई न्यूमोनियानं आली. किलोमागे ६ मिलिलिटर हा हिशेब तिच्या वजनावर केला तर होतात ५१० मिलिलिटर. उंचीवरून तिचं अपेक्षित वजन काढलं तर ते साडेपंचेचाळीस किलो येतं, म्हणजे २७३ मिलिलिटर. जवळजवळ निम्मं. आधीच सुजलेल्या, कडक झालेल्या फुप्फुसात दर मिनिटाला वीस-वीस वेळा दुप्पट हवा कोंबली, तर आजारातून वाचलेलं फुप्फुस मशीनच फाडतं. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएस (अशाच सुजलेल्या, कडक फुप्फुसांचा गंभीर आजार) नेटवर्कचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. नवं औषध नव्हतं, नवं मशीनही नव्हतं. मोजपट्टी आणि गुणाकार एवढ्यावर इतकी माणसं वाचली. ज्या दिवशी हे मला नीट कळलं, त्या दिवशी मी या कामात रमले.

बाकीचं काम ऐकायला फारसं थोर नाही. कफ ओढायचा, म्हणजे सक्शन करायचं. एका वेळेला दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही. हाताखालच्या मुलांना मी सांगते, नळी आत घातली की तुम्हीही श्वास रोखून धरा. तुम्हाला कोंडलं की त्याला कधीचं कोंडलेलं आहे असं समजा. ट्यूबच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो, त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरच्या आत आहे ना ते प्रत्येक पाळीला बघायचं. कमी झाला तर तोंडातली लाळ फुप्फुसात उतरते, जास्त झाला तर श्वासनलिकेला आतून जखम होते. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, लावायची. ही सुई शिरेतल्या सुईपेक्षा दुखते, म्हणून पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला आधी खरं सांगायचं. ह्युमिडिफायरमध्ये पाणी आहे का, सर्किटमध्ये पाणी साचलं आहे का. अशी फेरी दोन-दोन तासांनी, रात्रभर.

आणि अलार्म. नवा मुलगा अलार्म वाजला की स्क्रीनकडे धावतो आणि बटण शोधतो. मी त्याचं मनगट धरते. ‘मशीनकडे नंतर. छाती पाहा. दोन्ही बाजू सारख्या उचलतात का?’ ट्यूब घसरून खाली गेली की ती बहुतेक उजव्या फुप्फुसात शिरते, कारण तिकडची वाट सरळ आहे. मग डावी बाजू हलतच नाही. पेशंट ट्यूब चावत असेल, कफाचं बूच बसलं असेल, किंवा नुसताच घाबरून मशीनशी झगडत असेल. यातलं काहीही स्क्रीनवर नावानिशी लिहून येत नाही. काहीच कळत नसेल तर मशीन काढायचं आणि अंबू बॅगनं हातानं श्वास द्यायचा. हाताला कळतं फुप्फुस मऊ आहे की कडक. तेवढ्यात कोणीतरी मोठं माणूस येतं.

हातानं श्वास देण्यावरून आठवलं. आमच्या या पेशाची कुळकथा फार जुनी नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली आणि ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रोज येऊ लागली. शहरात श्वास देणारी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं सुचवलं, गळ्याला छेद देऊन नळी घाला आणि पिशवी दाबून हवा द्या. पिशव्या दाबायला वैद्यकीचे विद्यार्थी बसवले, शेकड्यांनी, पाळ्या लावून, कित्येक महिने. त्यांच्यातला कोणी दमून हात थांबवला असता तर समोरचं मूल गेलं असतं. अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाले असं मानतात. मला या गोष्टीत त्या डॉक्टरपेक्षा रात्री तीन वाजता पिशवी दाबणारा विद्यार्थी जवळचा वाटतो. आमचं काम त्याचंच आहे; फक्त आता पिशवीऐवजी लाखो रुपयांचं मशीन दाबतं आणि आम्ही मशीनवर लक्ष ठेवतो.

कोपनहेगन लांबचं झालं. आपल्याकडे विदर्भात आयसीयूचं कॅलेंडर शेतीप्रमाणे चालतं. दिवाळीनंतर थंडी पडली की दमेकरी येतात. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या म्हाताऱ्या येतात, ज्यांनी विडी कधी ओढली नाही पण फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी झाली आहेत. कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. आमच्यासाठी तो दरवर्षीचा मोसम आहे, त्या वर्षी तो पेपरात आला एवढंच. आणि पाऊस लागला की मण्यार.

मण्यारीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या कामाची तयारी म्हणजे काय हे मला त्या पेशंटांनी शिकवलं. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दात इतके बारीक की कित्येकांना चावल्याचं कळतच नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, झोप झाली नाही म्हणून असेल. मग बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. वेळेवर ट्यूब पडली, प्रतिविष दिलं आणि व्हेंटिलेटर नीट चालवला, तर हा माणूस काही दिवसांनी चालत घरी जातो. इतका आजारी आणि इतका पूर्ण बरा होणारा दुसरा पेशंट आमच्याकडे क्वचितच येतो.

घोळ असा, की विष भिनल्यावर तो हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्यासुद्धा उजेडाला दाद देत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, मेंदू गेला. मेंदू जागेवर असतो. त्याला ऐकू येतं, सुई टोचलेली कळते, आपल्याबद्दल काय बोललं जातं तेही कळतं. भिवापूरकडचा एक तरुण असाच आला होता. त्याच्या कानाशी मी दर पाळीला सांगायची, ‘भाऊ, तुला मण्यार चावली आहे. तुझे हातपाय झोपले आहेत, तू जागा आहेस. श्वास मशीन देऊन राहिली. दोन-चार दिवसांत सुटतं. आता कफ काढते, खोकला येईल.’ सोबतच्या विद्यार्थ्याला हे नाटकी वाटायचं. ट्यूब निघाल्यावर त्या भाऊनं आम्हाला सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, कोणाचं भांडण झालं, इतकंच काय, वॉर्डातल्या मामांच्या डब्यात वांग्याची भाजी आली होती हेसुद्धा. विद्यार्थी पुढच्या पाळीपासून प्रत्येक पेशंटशी बोलायला लागला, अगदी भुलीच्या औषधावर असलेल्यांशीही.

त्या भाऊशी बोलताना माझ्या वाक्यात ‘देऊन राहिली’ आलं, ते मुद्दाम नाही. नागपूरच्या आयसीयूत पुस्तकी मराठी फार वेळ टिकत नाही. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे पेशंट हिंदी घेऊन येतात, आदिलाबादकडचे तेलुगू, गडचिरोलीकडून कधी गोंडीशिवाय काही न समजणारी आजी. चार वाक्यं तरी सगळ्या भाषांत यावी लागतात. खोल श्वास घ्या, खोका, दुखतंय का, घाबरू नका. कुठल्याही कॉलेजात हे शिकवत नाहीत. माझी चार गोंडी वाक्यं एका पेशंटच्या सुनेनं शिकवलेली आहेत.

आता त्या काकूंच्या मुलांनी ज्याचा धसका घेतलेला असतो त्या फिजिक्सबद्दल. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं फिजिक्सला शत्रू समजतात आणि बायोलॉजीवर तरून जायचं म्हणतात. आमच्याकडे ते चालत नाही. जम्बो सिलिंडर पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्यात साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो आणि दाबाचा काटा १५० च्या आसपास असतो. काटा ७५ वर आला म्हणजे उरला ३५०० लिटर. पेशंटला मिनिटाला १० लिटर चालू असेल तर ३५० मिनिटं, सहा तासही नाहीत. छिंदवाड्याहून नागपूरला येणाऱ्या ॲम्ब्युलन्समध्ये लहान सिलिंडर असतो, साधारण १५०० लिटरचा. तोच १० लिटरनं लावला तर अडीच तासांत रिकामा. वाटेत फाटक लागलं, ट्रक उलटला असला, तर? हा बॉइलचा नियम आहे, अकरावीचा. तसंच ट्यूबचं. नळीचा व्यास थोडा कमी केला तर हवेला होणारा विरोध चौथ्या घातानं वाढतो. आठ नंबरऐवजी सात नंबरची ट्यूब पडली तर हिशेबानं विरोध जवळपास पावणेदोन पट. म्हणून कधी कधी पेशंट वीनिंगला, म्हणजे मशीनवरून सोडवताना, दमतो आणि आपण त्याच्या फुप्फुसाला दोष देत बसतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, हाच भागाकार आख्ख्या नागपूरनं केला. आम्ही काट्यावर डोळा ठेवून बसायचो. कोणाचा प्रवाह १२ वरून १० वर आणता येईल, कोणाला पालथं झोपवून सॅच्युरेशन दोन-तीन टक्क्यांनी वर चढतं, कोणाच्या मास्कच्या कडेनं ऑक्सिजन नुसता वाया जातो आहे, हे बघत खाटाखाटांतून फिरायचं. त्या दिवसांत रेल्वेनं कळंबोलीहून रिकामे टँकर विशाखापट्टणमला नेले आणि भरून परत आणले. २३ एप्रिलला ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूरला लागली. सातातले तीन टँकर इथे उतरले, बाकीचे पुढे नाशिकला गेले. टीव्हीवर टँकर दाखवत होते, मी आयसीयूत होते. कोणीतरी मोबाइल पुढे केला, मी म्हटलं, नंतर दाखव, आधी सात नंबरच्या खाटेचा मास्क घट्ट कर.

त्या काळात गल्लीगल्लीत ऑक्सिमीटर पोचला. बोटाला लावायची ती चिमटी ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याच्या १९७४ मधल्या कल्पनेवर चालते. २०२० च्या एप्रिलमध्ये तो वारला, जगभर तेच यंत्र मिळेनासं झालं होतं तेव्हा. पण ऑक्सिमीटर घरात आला म्हणजे त्याचा अर्थ घरात आला असं नाही. आमच्या ओळीतले एक निवृत्त काका, बिडीनं फुप्फुसं गेलेले, घरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात. आकडा ९० दिसला की मुलगा घाबरून प्रवाह वाढवायचा. मी त्याला समजावलं, काकांसारख्यांना ८८ ते ९२ च पुरे; आकडा ९८ वर न्यायच्या नादात जास्त ऑक्सिजन दिला तर आतला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. ‘मग मशीनवर असं लिहून का नसतं?’ त्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी मार्करनं लिहून दिलं.

आयसीयूच्या बाहेरही काम आहे, आणि माझ्या मते पुढची बरीच वर्षं नोकऱ्या तिकडेच वाढतील. फुप्फुसाची तपासणी, स्लीप लॅब, घरचा बायपॅप (मास्कनं श्वास देणारं मशीन), लहान मुलांची वॉर्मरखालची खाट. स्पायरोमेट्रीच्या खोलीबाहेर उभं राहिलात तर आत भांडण चाललंय असं वाटेल. ‘ओठ घट्ट. मोठा श्वास घ्या, घ्या, घ्या, आणि फुंका! फुंका, फुंका, अजून फुंका, थांबू नका काकाजी, अजून!’ सहा सेकंद तरी फुंकावं लागतं, आणि पहिल्या सेकंदात एकूण हवेचा किती हिस्सा बाहेर पडला त्यावर निदान ठरतं. हळू आवाजात ‘प्लीज फुंका’ म्हणणाऱ्याचे रिपोर्ट निम्मे वाया जातात. लाजाळू मुलांना मी आधी इथे बसवते. पंधरवड्यात आवाज फुटतो.

आणि पंप. दम्याचा पंप घेता येणं हे निम्मं औषध आहे. स्प्रेचा पंप हळू आणि खोल ओढायचा, पावडरचा जोरात, मग दहा सेकंद श्वास धरायचा आणि चूळ भरायची. उलटं करणारे भरपूर. पावडरच्या पंपात घालायची रोटाकॅपची गोळी पाण्याबरोबर गिळणारे तर मी इतके पाहिले आहेत, की आता ‘कसा घेता, दाखवा बरं’ हाच माझा पहिला प्रश्न असतो. एका आजींनी डबीतून गोळी काढली, तोंडात टाकली, आणि रोटाहेलर कानातल्या मळासाठी असावा अशा नजरेनं त्याच्याकडे पाहिलं. ‘दोन वर्षं घेऊन राहिली बाई, काही फरक नाही.’ महागाची फुप्फुसाची औषधं दोन वर्षं पोटात गेली होती. पाच मिनिटं शिकवलं. पुढच्या खेपेला आजी जिना चढून आल्या.

आता कोर्सचं. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी. पुढे रेस्पिरेटरी थेरपीची बीएस्सी, साधारण तीन वर्षं आणि वर दीड-दोन पाळ्यांत पिळून काढणारं एक वर्ष इंटर्नशिप. मणिपाल, वेल्लोरचं सीएमसी, कोचीचं अमृता, ही दक्षिणेतली नावं जुनी आणि खात्रीची. मीही कर्नाटकात शिकले. घरच्यांना सांगताना वडिलांनी नकाशा काढला होता. महाराष्ट्रात आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा परावैद्यक तंत्रज्ञानाचा कोर्स आहे, नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्येही चालतो. त्यातून भूल, ऑपरेशन थिएटर, हृदयरोग अशा शाखांचे तंत्रज्ञ तयार होतात आणि त्यातले काही जण पुढे आयसीयूत येऊन हे काम शिकतात. तो रस्ता वाईट नाही, लांबचा आहे. सहा महिन्यांत ‘व्हेंटिलेटर टेक्निशियन’ करून देणाऱ्या पाट्या मात्र शहरात दिसतात. त्यांच्यापासून लांब राहा. सहा महिन्यांत बटणं शिकता येतात, छाती पाहायला शिकता येत नाही.

२०२१ मध्ये संसदेनं परावैद्यक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या यादीत श्वसन तंत्रज्ञ आले. त्याआधी देशाच्या कायद्याच्या हिशेबी आम्ही कोणीच नव्हतो. कायद्यानं नोंदणी, अभ्यासक्रम, परीक्षा एका चौकटीत येणार आहेत. ते व्हायला वेळ लागतो आहे, पण माझ्या वेळच्या मुलांपेक्षा आत्ताच्या मुलांची बाजू बरी. माझ्या पगारपत्रकावर मात्र अजून ‘आयसीयू टेक्निशियन’ लिहिलेलं असतं. नातेवाईक सिस्टर म्हणतात, काही जण डॉक्टर म्हणतात, रेसिडेंट घाईत असला तर ‘अरे व्हेंटिलेटर!’ अशी हाक मारतो. ज्याला पाटीवर नाव लागतं त्यानं दुसरं काही शोधावं. सुरुवातीचा पगार नागपुरात कमी आहे, सिस्टरच्या आसपास, कधी त्याहून कमी, पुण्या-मुंबईत बरा. आखातात चांगला. त्यासाठी प्रोमेट्रिकची परीक्षा, कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी आणि दोनेक वर्षांचा खरा अनुभव लागतो. खरा म्हणते, कारण मुलाखतीत समोरचा ग्राफ दाखवून विचारतो, आता काय करशील? तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही.

स्वभावाचंही सांगते. या कामात मरण रोजचं आहे. ज्याला त्याची सवयच होऊन जाते त्याच्याकडून काम नीट होत नाही, आणि ज्याला होतच नाही तो वर्षभरात सोडून जातो. मधली जागा प्रत्येकाला स्वतःची शोधावी लागते. मी ती घरी आल्यावर भाजी निवडण्यात शोधली, माझी एक मैत्रीण मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन परत येते. सिस्टरशी जमवून घ्यावं लागतं, कारण पेशंटजवळ चोवीस तास त्या असतात आणि आपल्याला नसलेली बातमी त्यांना असते. डॉक्टरला ‘सर, ही हवा जास्त होतेय’ हे नम्रपणे पण ऐकू जाईल असं सांगता यावं लागतं. हे तीन वर्षांच्या कोर्सच्या कुठल्याच विषयात नाही आणि नोकरी निम्मी त्यावर टिकते.

काकूंच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर: हो, नाइट असते. महिन्यातल्या बऱ्याच.

आणि एक सांगायचं राहिलं, ते फी भरायच्या आधीचं आहे. कॉलेजच्या कार्यालयात जा, माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा. इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलच्या आयसीयूत होते, आणि तिथे आज किती व्हेंटिलेटर चालू आहेत? मग तिथे जाऊन कुठल्याही सिस्टरला विचारा, कॉलेजची मुलं खाटेजवळ उभी राहतात की भिंतीजवळ. खाटेजवळ म्हणाल्या तर फी थोडी जास्त असली तरी भरा. भिंतीजवळ म्हणाल्या, किंवा ‘कोणती मुलं?’ असं विचारलं, तर पावती फाडू देऊ नका.